मोटोक्रॉस गाडीचा सेटअप (बेळगाव भाग)

मोटोक्रॉस गाडीचा सेटअप म्हणजे नवी कोरी गाडी चालवणाऱ्याच्या वजनाला, उंचीला आणि आपल्याकडच्या मातीला जुळवून घेणं. मोटोक्रॉस गाडी म्हणजे हेडलाइट नाही, आरसे नाहीत, पासिंग होत नाही, फक्त मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायला बनवलेली हलकी गाडी, उदा. कावासाकी केएक्स २५० किंवा सुझुकी आरएम-झेड २५०. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात अशी अस्सल गाडी मोजक्या लोकांकडेच दिसते, बरीच पोरं हिरो एक्सपल्स २०० घेऊन तिलाच माळावर तयार करतात. पद्धत दोन्हीला तीच, आकडे तेवढे बदलतात.

नवीन गाडी हातात आली की सगळ्यांचं लक्ष आधी सायलेन्सरकडे जातं आणि पैसे तिथेच संपतात. खरं तर पहिलं काम जवळजवळ फुकटचं आहे, ते म्हणजे सॅग. सॅग म्हणजे माणूस बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते माप. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत, मग मागच्या ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करून अंतर मोजा. नंतर गाडी जमिनीवर, कोणी न बसता, परत मोजा. शेवटी हेल्मेट, बूट, सगळा गिअर घालून चालवणारा फूटपेगवर उभा राहून नेहमीच्या जागी बसतो, एकजण पुढून गाडी धरतो आणि दुसरा टेप लावतो. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की रिकाम्या गाडीचा सॅग, तिसरं वजा केलं की माणसासकट सॅग; मागच्या शॉकची स्प्रिंग आवळून किंवा सैल करून तो जुळवतात. म्हणजे एकूण तीन माणसं लागतात, एकट्याने हे होत नाही. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांचं मागचं ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली हलायची जागा, ३०० मि.मी.च्या आसपास असतं आणि माणसासकट सॅग त्याच्या एक तृतीयांश, १०० ते १०५ मि.मी. ठेवतात. रिकाम्या गाडीचा ३० ते ४०. साध्या एक्सपल्सला मागे १७० मि.मी.च ट्रॅव्हल आहे त्यामुळे तिथे १०० चा आकडा लावून चालत नाही, रॅली किटवाल्या (लांब सस्पेन्शनचा संच बसवलेल्या) गाडीला मागे २२० आणि पुढे २५० मिळतं.

आता यातली खरी गोम अशी की दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. माणूस बसून १०२ आला म्हणून खूश व्हायचं नाही. तेव्हाच रिकाम्या गाडीचा सॅग २० निघाला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, कारण मऊ स्प्रिंग खूप आवळून तुम्ही तो १०२ गाठलाय. ५० निघाला तर उलट, स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना डोक्यात बसत नाही पण वहीत आकडे मांडले की लगेच कळतं. कंपनीची स्प्रिंग साधारण ७० ते ८० किलोच्या माणसाला धरून असते, ९५ किलोच्या गड्याला ती कितीही आवळली तरी जमत नाही, बदलावीच लागते. सॅग जास्त झाला की पुढचं चाक हलकं पडून वळणात बाहेर पळतं, कमी झाला की सरळ रस्त्यावर हँडल झटके देतं आणि मागचं ढुंगण उडतं.

कॉम्प्रेशन-रिबाउंडचे क्लिकर, म्हणजे सस्पेन्शन किती जोरात दबतं-उसळतं ते ठरवणारे स्क्रू, हात लावण्याआधी हळूच पूर्ण आत आवळून टिकटिक मोजून लिहून ठेवा, मग परत तिथेच आणा. बदल एका वेळी एकच, दोन क्लिकपेक्षा जास्त नको.

दुसरं काम ग्रीस. नव्या गाडीत हँडलच्या कोन बेअरिंगला आणि मागच्या लिंकेजला (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांना) कारखान्यातून ग्रीस बऱ्याचदा जेमतेमच लागलेलं असतं. "नवी गाडी कशाला खोलालास रे?" हे घरातून हमखास ऐकावं लागतं, पण खोलायचीच. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पाणी आत जातं आणि बेअरिंग गंजून जाम. पहिल्या राइडनंतर स्पोक ढिले पडतातच, ते आणि मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट तपासा. चेन टाइट ठेवू नका, सस्पेन्शन दबलं की ती अजून ताणते, लांब ट्रॅव्हलच्या गाडीला साधारण ५० मि.मी. ढील लागते, नेमका आकडा मॅन्युअलमधला. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प फार आवळू नका, खाली टेफ्लॉन टेप गुंडाळा, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो.

आपल्या भागाची माती हा वेगळाच विषय. खानापूर, जांबोटीकडे तांबडी जांभ्याची माती, उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि थेट एअर फिल्टरमध्ये बसते. फोमचा फिल्टर प्रत्येक राइडला धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावूनच बसवायचा, बॉक्सच्या कडेला ग्रीसचा पातळ थर. धूळ इंजिनात गेली की पिस्टन-सिलेंडर खाल्लाच समजा. गोकाक, अथणीकडे काळी माती, कोरडी असताना भेगा आणि कडक, पाऊस पडला की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते, रेडिएटर बुजतो, गाडी तापते. म्हणून मला एक्झॉस्टपेक्षा रेडिएटर गार्ड आणि इंजिनखालची बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) आधी हवी असं वाटतं. बॅश प्लेट, स्पेसर, छोटे ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांकडून छान करून मिळतात. ॲल्युमिनियम फ्रेमवर मात्र कुणालाही वेल्डिंग मारू देऊ नका.

टायरमध्ये हवा १२ ते १५ पीएसआय, रिम लॉक (टायर रिमवर फिरू न देणारा क्लॅम्प) घट्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, त्यामुळे गोव्यात भरलेली हवा चोर्ला घाट चढून वर आली की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेजवर एक पीएसआयहून थोडी जास्तच वाढलेली दिसते, फोर्कमध्येही (पुढच्या सस्पेन्शनमध्ये) तसंच, म्हणून पुढचं चाक उचलून फोर्कचे एअर स्क्रू सोडून परत लावा.

गिअरिंगचा हिशोब: स्प्रॉकेटला पुढे १३ आणि मागे ५० दात असतील तर पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळपास चार दात वाढवल्यासारखं. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकला मागे एक-दोन वाढवून बघा, पुरतं.

कायद्याचं स्पष्ट आहे. मोटोक्रॉस गाडी रस्त्यावर आणायची नाही, टेम्पोतून न्यायची. एक्सपल्ससारख्या पासिंगच्या गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं, मनमानी बदल चालत नाहीत. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य आणि राखीव जंगल पूर्ण वर्ज्य, दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय नाही.

या गाड्यांचा मेंटेनन्स किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो, म्हणून अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) लावा. रनिंग-इनमध्ये, म्हणजे नव्या इंजिनच्या सुरुवातीच्या काळात, थ्रॉटल एकसारखा न धरता कमी-जास्त करत चालवायची, मध्ये इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि पहिलं ऑइल एक-दोन तासातच फिल्टरसकट बदलायचं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, आणि खानापूरच्या पावसात ओलीला काय कमी नाही.