बिनछताचे मॉल : समुद्रकाठचा बाजार कसा बसला

लग्नाचा बस्ता बांधायला कोकणातली माणसं आजही घाट चढून कोल्हापुरात येतात. आधी अंबाबाईचं दर्शन, मग महाद्वार रोड, गुजरीत सोनं, एखाद्याला दवाखाना, आणि परतताना तांबडा-पांढरा. एका फेरीत चार कामं. अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या शहरांनी असा गजबजाट नकाशावर आखून बांधायचा प्रयत्न केला, त्याची ही गोष्ट.

सिएटलजवळचा नॉर्थगेट मॉल १९५० मध्ये सुरू झाला. दुकानांच्या दोन रांगा, मधे चालायला उघडी वाट, भोवती मोटारींसाठी मैदान. १९५४ मध्ये करकायद्यात बदल झाला आणि नव्या व्यापारी इमारतींवर पहिल्या काही वर्षांतच मोठा घसारा (इमारत झिजते म्हणून करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम) दाखवता येऊ लागला. त्यामुळे जुनी पेठ सावरण्यापेक्षा शहराबाहेर नवी बांधणं परवडू लागलं. दोन वर्षांनी, मिनेसोटाच्या थंडीत, व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने साउथडेल या मॉलवर छत घातलं आणि देशभर त्याचीच नक्कल झाली. पुढे नॉर्थगेटवरही छत चढलं. (ग्रुएनला बाजाराभोवती घरं, शाळा, दवाखाने हवे होते. बांधणाऱ्यांनी फक्त बाजार उचलला, आणि म्हातारपणी त्याने या मॉलांशी नातंच तोडलं.)

उघडा मॉल टिकला तो हवा मानवेल तिथे. होनोलुलूचा आला मोआना १९५९ चा, अजून जोरात आहे. बाल्टिमोरच्या बंदरात १९८० मध्ये हार्बरप्लेस हा बाजार झाला. सगळ्यांत गाजला तो सॅन दिएगोचा हॉर्टन प्लाझा, १९८५. ओस पडत चाललेल्या जुन्या शहरात वास्तुरचनाकार जॉन जर्डी यांनी वाकडे जिने, पूल, भडक रंग आणि अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचा भुलभुलैया उभा केला. माणूस हरवावा, भटकावा आणि भटकताना खरेदी करावी, हाच हेतू. आमच्या जोतिबा रोडवर हे कुणी न ठरवता होतं, ते असो.

मग असे मॉल डबघाईला आले कशामुळे? ऑनलाइन खरेदीवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण मेख भाडेकरारात होती. मॉलचा मालक एकच आणि डोक्यावर कर्ज. गर्दी खेचायला एक-दोन बडी दुकानं, त्यांना सवलतीचं भाडं. खरी कमाई छोट्या गाळ्यांतून. अनेक छोट्यांच्या करारात मात्र अट असते : बडं दुकान गेलं तर आमचं भाडं कमी करा, नाहीतर आम्हीही निघालो. एक खांब पडला की मांडव खाली. हॉर्टन प्लाझातून २०१६ मध्ये नॉर्डस्ट्रॉम हे बडं दुकान गेलं. २०१८ मध्ये नव्या मालकाने तो घेतला तो ऑफिसं करायला. हार्बरप्लेसचा कारभार २०१९ मध्ये कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे गेला.

आखून बांधलेला बाजार मरतोच, असं नाही. आपली कोल्हापुरातली शाहूपुरी आखलेलीच आहे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी व्यापाऱ्यांना सवलती देऊन गुळाची पेठ वसवली. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. मॉलच्या हिशेबात हे बडं दुकान उठल्यासारखंच. पण शाहूपुरी उठली नाही, कारण तिला एक मालक नव्हता. गूळ गेला तिथे दुसरा धंदा आला; कुणी दुकान विकलं, कुणी भाड्याने दिलं, कुणी वर राहून खाली शटर उघडत राहिला. २०१९ च्या महापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं, ते ओसरल्यावर चिखल काढून जो तो आपापल्या दुकानात परत बसला. मालक शेकडो, म्हणून सगळे एकदम बुडत नाहीत. त्याच कारणाने रस्ता, गटार, पार्किंग यावर त्यांचं एकमतही होत नाही.

महाद्वार रोडवर गाडी लावायला जागा कधीच नव्हती. पाहुणे बिंदू चौकात गाडी लावतात आणि चालत येतात. वाटेत चप्पल लाईनला थांबतात.