वेडं कोण, हे ठरवणारे कागद

मनोरुग्णसेवेचा इतिहास मांडणारी संग्रहालयं जगात मोजकीच आहेत. लंडनच्या बेथलेम रुग्णालयाचं संग्रहालय त्यांत सर्वांत प्रसिद्ध. या संस्थेची सुरुवात 1247 सालची. अठराव्या शतकात तिथे रुग्णांना पाहायला माणसं गंमत म्हणून येत. आज तिथे त्या काळच्या बेड्या आहेत आणि रुग्णांनी काढलेली चित्रंही. बेल्जियममधल्या गेंट शहरातही एका जुन्या मनोरुग्णालयाच्या इमारतीत असंच संग्रहालय 1986 पासून आहे.

कोल्हापुरात असं काही उभं करायचं झालं, तर पहिल्या दालनात बेड्या नकोत. तिथे कोल्हापूरच्या एका महाराजांना वेडं ठरवणारे 1882 सालचे कागद हवेत.

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यानंतर नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच चौथे शिवाजी महाराज. वाढत्या वयात त्यांच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांनी नेमलेल्या माणसांची देखरेख होती. पुढे महाराजांना वेड लागलं आहे असं सरकारने ठरवलं, कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट, म्हणजे महाराजांच्या वतीने कारभार पाहणारे, नेमलं आणि महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. 25 डिसेंबर 1883 रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस.

महाराज खरोखर आजारी होते की छळाने तसे झाले, हा वाद तेव्हाच पेटला होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. ज्या पत्रांवर ते आरोप उभे होते ती कोर्टात टिकली नाहीत, आणि टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले 101 दिवस सगळ्यांना पाठ आहेत. ज्याच्यासाठी ते आत गेले त्या तरुणाबद्दल मात्र आपण फार थोडं बोलतो, आणि मला हे खटकतं. या वादाचा निकाल मी आज देणार नाही. पण तो आजारी होता असं धरलं, तरी किल्ला आणि शिपाई हा उपचार नव्हे. तो आजारी नव्हता असं धरलं, तर काय झालं ते सांगायलाच नको.

ब्रिटिश मुलखात 1858 पासून वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा होता. त्यात डॉक्टरचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम मिळाला की माणूस आत जाई. 1912 च्या कायद्यातही कोर्टाचा हुकूम मध्यवर्ती राहिला. रुग्णाला स्वतःला काय म्हणायचं आहे, याला फारशी जागा नव्हती. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 चं. कोल्हापूरकरांना आजही सरकारी मनोरुग्णालय म्हटलं की आंबा घाट उतरून रत्नागिरी नाहीतर येरवडा आठवतो.

त्याआधीचा टप्पा बहुतेकांसाठी नरसोबाची वाडी. बाधा झाली म्हणून माणसाला दत्ताच्या सेवेला ठेवायचं, ही या भागातली जुनी रीत. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नये, कारण घरचं माणूस तिथे रुग्णासोबत राहायचं. इस्पितळाच्या फाटकाशी ही सोबत तुटायची. पण श्रद्धेच्या ठिकाणी साखळदंड आले की काय होतं, तेही देशाने पाहिलं आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 च्या आगीत बांधून ठेवलेले रुग्ण जागच्या जागी जळाले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये सुरू झाला, कायदा 1987 मध्ये बदलला. खरा फरक 2017 च्या कायद्याने केला. साखळीने बांधायला बंदी आली, भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी आली. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे माणूस आता बरा असतानाच लिहून ठेवू शकतो.

हाच कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायलाही सांगतो. त्यामुळे मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदवह्या कधी मांडल्याच, तर नावं झाकून मांडाव्यात, आणि काय दाखवायचं ते ठरवताना डॉक्टर व इतिहासकारांबरोबर आजार भोगून बरे झालेले लोकही बैठकीत असावेत.