सॉक्रेटिसचा वारसा: सामन्याच्या आदल्या रात्रीचा प्रश्न

आपल्याकडे ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रेटिस आठवतो तो 1986 च्या विश्वचषकातला. दूरदर्शनवर रात्री उशिरा दिसलेला, कपाळाला पट्टी बांधलेला उंच दाढीवाला खेळाडू. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात धाव न घेता, जागेवरूनच त्याने पेनल्टी मारली आणि गोलरक्षकाने ती अडवली. टाचेने दिलेले पास, 1982 चा हरूनही लाडका ठरलेला ब्राझीलचा संघ, वैद्यकीय पदवी, सिगारेट आणि बिअर हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. इथे मांडायचा आहे तो 1981 ते 1985 या काळात साओ पाउलोच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये घडलेला प्रकार. त्याचा खरा वारसा तिथे आहे. तो समजून घ्यायचा तर एका मोठ्या शब्दापेक्षा एका छोट्या निर्णयाकडे जास्त बघावं लागतं.

मोठा शब्द म्हणजे ‘कोरिंथियन्स लोकशाही’. छोटा निर्णय म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूने कुठे झोपायचं.

आधीचा इतिहास थोडक्यात. हा क्लब 1910 मध्ये कामगार वस्तीत निघाला आणि गरिबांचा म्हणूनच वाढला. 1964 मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. फुटबॉलही तिच्या हाताखाली आलं. सत्ताधारी पक्षाची पकड जिथे ढिली व्हायची, तिथल्या एखाद्या क्लबला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळायची, असं लोक उघड म्हणत. 1979 मध्ये या स्पर्धेत तब्बल 94 संघ होते, यावरून काय ते कळतं. क्लबांचा कारभारही त्याच वळणाचा होता. अध्यक्ष वर्षानुवर्षं खुर्चीत, आणि खेळाडू त्यांच्या मालकीचा. मालकी हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. ‘पासे’ नावाच्या पद्धतीनुसार करार संपला तरी खेळाडूचा हक्क क्लबकडेच राहायचा. क्लबने सोडलं नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे.

सॉक्रेटिस या चौकटीत थोडा उशिरा शिरला. जन्म 1954 चा, बेलेंचा. वाढला रिबेराँव प्रेतोत. वडील स्वतः शिकलेले, ग्रीकांचे भक्त, म्हणून मुलाचं नाव हे. 1964 च्या सत्तांतरानंतर वडिलांनी आपलीच काही पुस्तकं जाळताना त्याने लहानपणी पाहिली होती, आणि ती आठवण तो पुढे अनेकदा सांगत असे. वैद्यकीय शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो गावच्याच क्लबकडून खेळला आणि 1978 मध्ये कोरिंथियन्सला आला. म्हणजे फुटबॉल सोडलं तरी पोट भरेल, अशी विद्या ज्याच्या हातात आहे असा खेळाडू. पुढे जे झालं त्यात ही बाब फार महत्त्वाची आहे. इतरांना गमवायला जे होतं ते त्याला नव्हतं.

1981 चा हंगाम क्लबला इतका वाईट गेला की पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या खालच्या गटातून सुरुवात करावी लागली. जुने अध्यक्ष गेले. नव्या व्यवस्थापनाने फुटबॉल विभाग एका तरुण समाजशास्त्रज्ञाकडे सोपवला. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं, त्यामुळे त्याने खेळाडूंनाच विचारायला सुरुवात केली. सॉक्रेटिस, डावा बचावपटू व्लादिमिर आणि कोवळा आघाडीवीर कासाग्रांदे हे पुढे झाले. सरावाची वेळ, प्रवास कसा करायचा, कुणाला घ्यायचं, तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा कसा वाटायचा, हे सगळं मतदानाने ठरू लागलं. खेळाडूपासून मालिश करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला एकच मत. 1983 मध्ये तर संघातल्याच एका जुन्या बचावपटूला खेळाडूंनी प्रशिक्षक म्हणून निवडून दिलं.

आता तो छोटा निर्णय. ब्राझीलमध्ये सामन्याआधी एक-दोन दिवस सगळ्या खेळाडूंना हॉटेलात किंवा क्लबच्या आवारात डांबून ठेवायची रीत होती. तिचं नाव ‘कॉन्सेंत्रासाँव’. शब्दाचा अर्थ एकाग्रता असाही होतो आणि एका जागी गोळा करणं असाही. क्लब पहिला अर्थ सांगत, खेळाडूंच्या वाट्याला दुसरा येई. खेळाडू बाहेर पडला की पिणार, जागरण करणार, बायकांच्या मागे लागणार, हे गृहीत धरलेलं. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या तिशीतल्या माणसालाही शनिवारी रात्री घरी जायची मुभा नसे.

ही रीत मोडण्याचा ठराव कोरिंथियन्समध्ये एका बैठकीत झाला, असं सोपं करून सांगितलं जातं. तसं झालं नाही. पहिली अडचण व्यवस्थापनाची नव्हतीच. खेळाडूच बिचकत होते. आजवर जबाबदारी दुसऱ्याची होती. घरी झोपून आलो आणि रविवारी हरलो तर दोष कुणाचा? वृत्तपत्रं काय लिहितील, पुढचा करार मिळेल का? पासे क्लबच्या खिशात असताना ही भीती पोकळ नव्हती. विषय पुन्हा पुन्हा चर्चेला आला, हळूहळू सूट मिळत गेली आणि अखेर आदल्या रात्रीचा मुक्काम ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला गेला. ज्यांना राहायचं होतं त्यांना राहता येत होतं. हा तपशील टीकाकार हमखास गाळतात.

टीका मात्र याच निर्णयावर तुटून पडली. वृत्तपत्रांतला एक मोठा गट म्हणत राहिला की डॉक्टरला बिअर प्यायची होती आणि तत्त्वज्ञान हे त्याचं निमित्त. 1983 मध्ये राष्ट्रीय संघाचा एक अनुभवी गोलरक्षक क्लबमध्ये आला. त्याला घेण्यावरून संघात तट पडले होते. पुढे त्यानेही आक्षेप घेतला की निर्णय सगळ्यांचे नसतात, तीन-चार जणांचे असतात. या आक्षेपात तथ्य आहे. बोलणारे बोलत, बाकीचे हात वर करत, हे कुठल्याही सभेत होतं, तसं तिथेही झालं. पण आधी एकच माणूस ठरवत होता, आणि हात वर करायची सोयही नव्हती. त्या दोन अवस्थांना एका तराजूत घालता येत नाही, असं माझं मत आहे. राहिला निकालांचा प्रश्न. खालच्या गटातून सुरुवात करून 1982 मध्ये संघ त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. 1982 आणि 1983 मध्ये सलग दोनदा साओ पाउलो राज्याचं विजेतेपद मिळवलं. घरी झोपून.

‘लोकशाही’ हे नाव मतदानाची रीत सुरू झाल्यानंतर चिकटलं, हेही लक्षात ठेवायला हवं. एका जाहीर चर्चेत एका क्रीडापत्रकाराच्या तोंडून तो शब्दप्रयोग आला आणि क्लबसाठी काम करणाऱ्या एका जाहिरातकाराने तो उचलून घोषवाक्य केला. तो जर्सीवर छापला गेला. जर्सीवर जाहिराती नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्याच जागेवर नोव्हेंबर 1982 मध्ये ‘15 तारखेला मतदान करा’ असं आवाहन झळकलं. लष्करी राजवटीखालची ती राज्यपालपदाची निवडणूक होती, आणि थेट मतदानाने राज्यपाल निवडण्याची संधी लोकांना फार वर्षांनी मिळत होती. वरून तंबी आली. 1983 च्या अंतिम सामन्यात खेळाडू फलक घेऊन मैदानात उतरले: हरू किंवा जिंकू, पण लोकशाहीसह. या प्रसंगांची छायाचित्रं इतकी देखणी आहेत की आज सगळी गोष्ट त्यांचीच होऊन बसली आहे, आणि मुक्कामाचा कंटाळवाणा, महिनोन्‌महिने चाललेला वाद मागे पडला. मला तो वादच जास्त मोलाचा वाटतो, कारण फलकामागे त्याचंच बळ होतं.

16 एप्रिल 1984 ला साओ पाउलोत राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी लाखोंची सभा झाली. सॉक्रेटिसने तिथे जाहीर केलं की त्यासाठीची घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी इटलीला खेळायला जाणार नाही. 25 एप्रिलला संसदेत मतदान झालं. बाजूने 298 मतं पडली आणि हवी होती 320. शंभरहून अधिक सदस्य सभागृहात आलेच नाहीत. तो इटलीच्या फिओरेंतिना क्लबला गेला. इटलीतही सामन्याआधी खेळाडूंना एकत्र ठेवायची पद्धत होती, तिथे तिला ‘रितीरो’ म्हणत. एका हंगामात तो परतला. तोवर, 1985 मध्ये, क्लबच्या निवडणुकीत त्या व्यवस्थापनाचा पराभव झाला होता आणि प्रयोग संपला होता. राष्ट्राध्यक्षासाठी थेट मतदान 1989 मध्ये झालं.

पुढच्या घडामोडी बऱ्याच आहेत. पासे 1998 च्या कायद्याने रद्द ठरला आणि 2001 पासून प्रत्यक्षात गेला. 4 डिसेंबर 2011 ला, वयाच्या 57 व्या वर्षी, सॉक्रेटिस वारला. मद्यपानाने शरीर पोखरलं होतं आणि ते त्याने स्वतः कबूल केलं होतं. त्याच दुपारी कोरिंथियन्सने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सामन्याआधी खेळाडू मधल्या वर्तुळात उजवी मूठ उंचावून उभे राहिले. त्याच्या मृत्यूचं कारण दाखवून आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा तो निर्णय चुकीचा ठरवणारे तेव्हाही निघाले. हे मला पटत नाही. त्याचं पिणं त्याने भोगलं. त्या मतदानात संसारी, कमी शिकलेले, पासेला बांधलेले वीसेक जण होते, आणि घरी जायचा हक्क त्यांनाही मिळाला होता.

2020 मध्ये साओ पाउलोच्या पाउलिस्ता रस्त्यावर एरवी एकमेकांच्या जिवावर उठणारे कोरिंथियन्स आणि पाल्मेइरास यांचे चाहते लोकशाहीच्या बाजूने रस्त्यावर आले. 2022 पासून जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कार सोहळ्यात समाजकार्यासाठी सॉक्रेटिसच्या नावाचा सन्मान दिला जातो. पहिला सेनेगलच्या सादियो मानेला मिळाला. कॉन्सेंत्रासाँव मात्र ब्राझीलमधून अजून गेलेली नाही. काही क्लब ती पाळतात, काही सोडतात, आणि एखादा महत्त्वाचा सामना हरला की सोडलेले पुन्हा धरतात.