दांड्यावरचे तेल वाळते म्हणजे नेमके काय होते?

हातोडीच्या किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याला घरी रंग दिला की एक गोष्ट हमखास खटकते. मधल्या भागाला मनाजोगती छटा येते, पण टोकाला तोच रंग काळपट दिसतो. जिवंत झाडात मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या दांड्यातही लांबीच्या दिशेने तशाच असतात. बाजूला त्या नळ्यांच्या भिंती येतात, तर कापलेल्या टोकाला त्यांची उघडी तोंडे, आणि ती रंग कितीतरी अधिक शोषतात. टोक जास्त बारीक पॉलिश पेपरने घासले, तर हा फरक बराच कमी होतो.

घासताना ८० क्रमांकाच्या भरड पॉलिश पेपरने जुने वार्निश काढावे आणि मग १२० व १८० असे बारीक कागदाकडे चढत जावे. हात मात्र नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, कारण आडव्या ओरखड्यांत रंगकण अडकतात आणि कोरड्या लाकडावर न दिसलेला ओरखडा रंगानंतर ठळक उठून दिसतो. रंग पाण्यात कालवलेला असेल, तर आधी दांडा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावा. पाण्याने फुगलेले तंतू उभे राहतात आणि गुळगुळीत केलेला दांडा बोटांना पुन्हा खरखरीत लागतो. ही कूस हलक्या हाताने घासून काढली, की रंग देताना ती फारशी उठत नाही.

रंग पूर्ण वाळल्यावर तेलाचा हात द्यावा. वार्निशची चकाकी मोहक असली, तरी सतत मुठीत राहणाऱ्या दांड्यासाठी मी जवसाच्या तेलालाच पसंती देईन. वार्निशचा पापुद्रा एकदा तडकला की तो खरवडून काढावा लागतो, तेलाचा मात्र आणखी एक हात पुरतो.

पाणी वाळते ते वाफ होऊन उडून जाते. जवसाचे तेल उडून जात नाही, उलट वाळताना त्याचे वजन वाढते! त्याच्या मेदाम्लांमध्ये, म्हणजे तेल ज्यांचे बनते त्या लांब साखळ्यांमध्ये, दुहेरी बंध (कार्बनच्या दोन अणूंमधली दुहेरी जोड) भरपूर असतात. तेथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या छिद्रांत एक घट्ट जाळे विणले जाते. खोबरेल तेलात असे बंध फारच थोडे असल्याने ते कधीच वाळत नाही. कच्च्या जवस तेलाला वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगे मिसळून हाच वेग वाढवलेला असतो. थर जाड दिला, तर वर साय धरते, ऑक्सिजन आत पोहोचत नाही आणि दांडा चिकट राहतो. म्हणून तेल चोळून पंधरा-वीस मिनिटांनी, लाकडाने न शोषलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

ऑक्सिजनशी होणाऱ्या या संयोगातून उष्णताही निघते. दांड्यावरची उष्णता सहज हवेत विरते, पण तेलाने माखलेल्या फडक्याचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती आतच कोंडते, तापमान चढते, त्याबरोबर क्रियेचा वेगही वाढतो आणि ठिणगीशिवाय बोळा पेट घेऊ शकतो. अशी फडकी उघड्या हवेत, एकावर एक न ठेवता, पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत, किंवा झाकण असलेल्या, पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.