घोड्याचा दम लवकर येतो, पाय उशिरा

दिवाळी झाली की निपाणी-चिकोडी भागात घोडागाडीच्या शर्यतींची तयारी सुरू होते. पावसाळाभर तबेल्यात उभे असलेले घोडे मुरुमाच्या रस्त्यावर दिसू लागतात. परवा पहाटे असाच एक घोडा मालकांनी दोन-तीन किलोमीटर पळवून आणला. थोड्याच वेळात त्याच्या नाकपुड्या शांत झाल्या. "बघा की सर, दम आलाय. आता जत्रेपर्यंत रोज जोरात पळवायचा," मालक म्हणाले.

युरोपात शो जंपिंग, म्हणजे घोड्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला लावण्याचा खेळ, करणारेही इथेच फसतात. तिथली सुट्टी थंडीतली. वसंतात घोडा मैदानात आला की पंधरा दिवसांत उड्यांसाठी अधीर होतो, आणि स्वाराला वाटतं, झाला तयार.

दमाचं कोडं सोपं आहे. विश्रांतीत मिनिटाला ३०-४० वेळा धडधडणारं घोड्याचं हृदय भरधाव दौडीत २२० च्या पुढे जातं. शिवाय पोटातल्या प्लीहा या अवयवात रक्तातल्या तांबड्या पेशींचा साठा असतो. पळायला लागताच प्लीहा आवळते आणि तो साठा रक्तात येतो. अशी यंत्रणा सुट्टीनंतरही झटकन कामाला लागते.

पाय वेगळे. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडं आणि नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागून उतरणाऱ्या कंडरा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर; आपल्याकडे तिला सरसकट 'नस' म्हणतात. त्यातली सर्वांत बाहेरची कंडरा म्हणजे निसर्गानं केलेली स्प्रिंग. पाय टेकला की टापेवरचा सांधा जमिनीकडे खचतो, कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना साठवलेली बहुतेक ऊर्जा परत देते. चालताना ती सुमारे ३ टक्के ताणते, भरधाव दौडीत १२ ते १६ टक्के. प्रयोगशाळेत ताणून पाहिली तर तुटण्याची हद्दही साधारण इथूनच सुरू होते. म्हणजे ही स्प्रिंग रोज कड्याच्या टोकावर काम करते.

ऊर्जा परत देताना ५ ते १० टक्के भाग उष्णता होऊन आतच राहतो. कंडरेत रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ही उष्णता वाहून नेणारं कोणी नाही. दौडीत तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. पेशी आधीच कमी, त्यात हा ताप. आणि ती ज्यांची बनलेली असते ते कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू? या कंडरेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे २०० वर्षं लागतील, असा अंदाज निघाला आहे. घोडा जगतो २५-३० वर्षं. झिजलेला तंतू जवळपास तसाच राहतो, झीज साठत जाते.

आता यात थकवा मिळवा. सांध्याला आधार देणारे वरचे स्नायू सुट्टीत ढिले पडलेले असतात. ते दमले की सांधा आणखी खचतो आणि जादा ताण थेट कंडरेवर येतो. अडथळा पार करून उतरताना तर आधी टेकणाऱ्या एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास भार येतो. म्हणून सुट्टीनंतर आधी कित्येक आठवडे नुसतं चालणं, मग दुडकी, मग जमिनीवर ठेवलेले वासे ओलांडणं, आणि उडी सगळ्यात शेवटी. टोकियोत २०२१ मध्ये ऑलिंपिकमध्ये बेंगळूरच्या फवाद मिर्झानं इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या तिहेरी स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. त्या खेळातही उड्यांच्या आधी घोड्याला कठीण जमिनीवर दुडकीनं नेऊन पाय तपासतात.

नस दुखावली की तापल्या लोखंडानं डाग द्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. इंग्लंडमध्येही होती. तिथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तपासलं, तेव्हा डागण्याचा काहीच फायदा दिसला नाही. डागलेला घोडा महिनोन्महिने उभा ठेवतात. गुण येतो तो त्या विश्रांतीचा. मुक्या जनावराला भाजणं निव्वळ क्रौर्य आहे.

हे सगळं मी मालकांना रस्त्यावरच सांगत होतो. बोलता बोलता घोड्याच्या डाव्या नळीमागून अंगठा आणि बोटं खाली सरकवली, मग उजव्या. डावी कोमट लागली, नस दुखावू लागल्याची खूण. मालकांचा हात धरून तिथे ठेवला. ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग गाडी तिथेच सोडून घोड्याला लगामानं धरून हळूहळू चालवत घरी घेऊन गेले.