बाळाचं वजन, आईचं मन: गोव्यातली पार्श्वभूमी

अंगणवाडीत बाळाला काट्याच्या झोळीत घालतात. सेविका आकडा वाचते, वाढीच्या तक्त्यावर ठिपका टेकवते. ठिपका खाली घसरला की आईला पहिला प्रश्न येतो, 'अंगावर पाजतेस ना?' 'तुला झोप लागते का गं?' हे विचारायची रीत मात्र पडली नाही. बाळाची काळजी वाड्यावर आणि आईच्या मनाची काळजी दूर शहरात, ही फारकत जुनी आहे.

पोर्तुगीज काळात मनोरुग्णांचं इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होतं. नाव आबे फारियांचं, म्हणजे १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास मांडणाऱ्या गोमंतकीयाचं. १९८० साली त्या इस्पितळाची आयपीएचबी, म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था झाली. पुढे ती बांबोळीला, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात गेली. तिथे तज्ज्ञ आहेत, औषधं आहेत. पण सत्तरी तालुक्यातल्या बाळंतिणीला आधी वाळपईहून पणजीची बस, मग बांबोळीची दुसरी. कडेवर दोन महिन्यांचं पोर. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, हा घोर वेगळाच. त्यापेक्षा दृष्ट काढायची, देवाला कौल लावायचा, चार दिवस माहेरी धाडायचं. घरच्यांची माया कमी पडते असं नाही, जवळ दुसरं काही नसतं.

१९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाड्या उभ्या राहू लागल्या. पूरक आहार, लसीकरण, वजन यांची घडी बसली. मनाचा विषय त्या घडीत आला नाही.

गोव्यात वेगळी वाट सुरू झाली ती १९९६ मध्ये, 'संगाथ' या संस्थेपासून. मुलांचा विकास आणि कुटुंबाला मार्गदर्शन हेच तिचं सुरुवातीचं काम. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, अशी कारणं पुढे आली. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: या आयांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास होत होता. म्हणजे तपासणीच्या रांगेत त्या बसल्या होत्या तेव्हाच तो ओळखता आला असता. पुढच्याच वर्षीच्या लेखात दिसलं की अशा आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनात आणि बौद्धिक वाढीत मागे राहत होती. तक्त्यावरच्या घसरलेल्या ठिपक्यामागे आईचं मनही असू शकतं, ते असं.

मग प्रश्न आला, मदत करणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ मोजके. 'मानस' या प्रयोगात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक आरोग्य केंद्रांत बसवले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाल्याचं २०१० साली दिसलं. नंतर गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी 'सखी' आल्या. या डॉक्टर नव्हेत, नर्स नव्हेत, तर त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या बायका. घरी जायचं, ऐकून घ्यायचं, पुढच्या भेटीपर्यंत करायची एक छोटी गोष्ट मिळून ठरवायची. २८० जणींवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सहा महिन्यांनी, सखी ज्यांच्याकडे जात होत्या त्यांच्यात नैराश्यातून सावरलेल्या जास्त होत्या. स्वमग्न मुलांच्या पालकांसाठीही गोव्यात असंच काम झालं. आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा, तो तिच्यासोबत बसून पाहायचा आणि मूल कुठे प्रतिसाद देतंय ते तिला दाखवायचं.

देशपातळीवर २०१३ पासून मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर शोधण्याचा कार्यक्रम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. २०२२ पासून टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, सासू शेजारी बसलेली असताना, फोनवर मन मोकळं करणं प्रत्येकीला जमत नाही. अंगणवाडी सेविका तर तिला भेटतेच. झोपेचा तो प्रश्न विचारायचं प्रशिक्षण सेविकेला द्यावं, त्यासाठी वेळ आणि वाढीव मानधन द्यावं, एवढा निर्णय पणजीत व्हायला हवा.