रिपोर्ट उशिरा येतोय म्हणजे वाईटच असणार का?

‘पाच दिवस झाले, अजून रिपोर्ट नाही, म्हणजे नक्की काहीतरी निघालंय आणि हे लोक सांगत नाहीयेत.’ नाशिकहून मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि त्या दिवसातला तो तिचा चौथा फोन. छातीत गाठ हाताला लागली, मॅमोग्राफी झाली, त्यावर ‘बायरॅड्स ४’ असं लिहून आलं, मग ट्रूकट बायोप्सी झाली, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढला, आणि त्यानंतर नुसतं थांबणं. लॅबला फोन केला की एकच उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ आता प्रोसेस म्हणजे काय हे कोणी सांगत नाही, मग माणूस त्या रिकाम्या जागेत सगळ्यात वाईट तेच भरत बसतो.

आधी ते ४ घ्या. मावशीने ते चौथी स्टेज असं वाचलं होतं आणि दोन रात्री झोपली नव्हती. बायरॅड्सचा आकडा म्हणजे स्टेज नव्हे, तो फक्त फोटो बघून केलेला अंदाज असतो. ४ म्हणजे ‘संशय आहे, तुकडा काढून बघा’ एवढंच, आणि त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. म्हणून त्याचे ए, बी, सी असे भाग करतात आणि ४ए असेल तर शक्यता १० टक्क्यांच्या आतच असते. आपलं कुठलं ते डॉक्टरांना विचारा. स्टेजची गोष्ट कॅन्सर सिद्ध झाल्यानंतरची.

आता ‘प्रोसेस’. ट्रूकटच्या सुईने निघालेला तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. शरीराबाहेर पडला की त्यातल्या पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी खराब व्हायला लागतात, म्हणून तो लगेच फॉर्मॅलिनच्या डबीत टाकतात. कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीतला बेडूक ठेवलेला असायचा तेच हे फॉर्मॅलिन. १८९३ च्या सुमारास जर्मनीत फर्डिनांड ब्लुम नावाचे डॉक्टर ते जंतुनाशक म्हणून तपासत होते आणि काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी टणक झालीये, तिथून ही पद्धत सुरू झाली.

टणक का होते तर फॉर्मॅल्डिहाइडचा छोटासा रेणू प्रोटीनच्या एका साखळीला चिकटतो, मग शेजारच्या साखळीला, आणि दोघींमध्ये एका कार्बनचा पूल बांधतो, त्याला मिथिलीन ब्रिज म्हणतात. असे असंख्य पूल झाले की पेशी आहे त्या आकारात थिजून जाते. पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. पाण्यात फॉर्मॅल्डिहाइड मोकळं राहतच नाही, जवळजवळ सगळं पाण्याशी जोडलं जाऊन मिथिलीन ग्लायकॉल बनतं, हे ग्लायकॉल तुकड्यात भराभर शिरतं, पण पूल बांधायचं काम करतं ते मोकळं फॉर्मॅल्डिहाइडच, जे तिथे अगदी थोडं असतं, ते वापरलं गेलं की समतोल बिघडतो आणि ग्लायकॉलमधून पुन्हा थोडं सुटतं, असं हळूहळू चालू राहतं. म्हणून आत शिरायला तास-दोन तास पुरतात पण पक्कं व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. स्तनाच्या तुकड्याला कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं असा नियमच आहे. तुम्ही कितीही फोन करा, ओळख काढा, ही केमिस्ट्री घाई करत नाही.

मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, अल्कोहोल झायलीनने काढायचं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरायचं, हे बहुतेक रात्रभर मशीनमध्ये चालतं. मेणाची वडी झाली की मायक्रोटोमवर तिचे ३ ते ५ मायक्रॉनचे काप काढतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. कापांची ती नाजूक रिबन कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप पसरतात, मग टेक्निशियन ती काचेवर अलगद उचलून घेतात. नंतर रंग. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात ती हिमॅटॉक्सिलिनमुळे, हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो. बाकीचं गुलाबी दिसतं ते इओसिनमुळे. मध्ये रविवार आला की अजून एक दिवस गेला. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यात आणखी काही दिवस.

सहाव्या दिवशी लॅबने सांगितलं, ‘डॉक्टरांनी आयएचसी करायला सांगितलंय.’ मावशी हादरलीच. आयएचसी म्हणजे ठरावीक प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटीबॉडीज वापरून ते प्रोटीन कुठे आहे हे तपकिरी रंगाने दाखवणं. गंमत म्हणजे फॉर्मॅलिनने बांधलेले पूल इथे आड येतात, प्रोटीन झाकलं जातं, म्हणून काप आधी बफरमध्ये गरम करून ते पूल सैल करावे लागतात. कॅन्सर ठरल्यावर तो कुठल्या प्रकारचा हे बघायला आयएचसी लागते हे खरं, पण नुसत्या आकारावरून सांगता येत नाही तेव्हाही लागते, आणि त्यातून साधी गाठही निघू शकते. म्हणजे उशीर झाला यावरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही.

थांबणं एवढं का छळतं याचंही उत्तर आहे. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड उलटायला दिले, खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. लोकांना सगळ्यात जास्त ताण आला तो झटका बसणार हे पक्कं असताना नाही, तर शक्यता अर्धी-अर्धी असताना. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्याही तेच सांगत होत्या. त्यामुळे ‘काय ते एकदाचं कळू दे’ असं कोणी म्हणालं तर ‘निगेटिव्ह बोलू नकोस’ म्हणून गप्प करू नका, तिचा मेंदू अगदी बरोबर वागतोय.

याच दिवसांत घरी सल्लागार जमतात. ‘सुई लागली की गाठ चवताळते’ हे मावशीला तिघांनी ऐकवलं. स्तनाच्या गाठीला सुई लावल्याने आयुष्य कमी होतं याला पुरावा नाही. जिथे धोका असतो, उदाहरणार्थ वृषणाची गाठ, तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. आणि रिपोर्टच्या आधीच काढा विकायला येणारा माणूस तुमच्या भीतीचा धंदा करतोय, त्याला दारातूनच परत पाठवा. थांबण्यात आजार वाढेल ही भीतीही समजून घ्या, स्तनाच्या बहुतेक कॅन्सरना दुप्पट व्हायला महिने लागतात, आठवडाभराने चित्र बदलत नाही. अक्यूट ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसारखी घाई असते तिथे डॉक्टर स्वतःच धावपळ करतात.

कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ थांबण्यावरच संशोधन करतात. वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट बघणाऱ्यांमध्ये त्यांना दिसलं की मन वळवायच्या बहुतेक युक्त्या चालत नाहीत. त्यांच्या नंतरच्या कामात मदत झालेली दिसली ती ज्यात माणूस पूर्ण बुडून जातो अशा कामाची, जे फार सोपंही नाही आणि अवघडही नाही. टीव्हीसमोर बसून मावशीचं डोकं चालूच राहायचं, पण क्रोशाचं तोरण विणायला घेतलं तेव्हा टाके मोजण्यात तासभर जायचा. रात्री श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, त्याने व्हेगस नर्व्हमधून हृदयाचे ठोके थोडे मंद होतात. नातेवाइकांचे फोन एकट्या मावसभावाने घ्यायचे असं ठरवलं. लॅबला ‘कधी’ विचारायच्या ऐवजी ‘कुठल्या टप्प्यावर आहे’ असं विचारलं की नीट उत्तर मिळतं हेही कळलं. झोप उडाली, छातीत धडधड थांबतच नाही असं झालं तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिली. पीडीएफ मोबाइलवर येते हे माहीत असून ती कोणी आणि कुठे उघडायची ते ठरवलं नव्हतं. नवव्या दिवशी रात्री नऊला ती आली, मावशीने एकटीने उघडली, ‘पी६३ पॉझिटिव्ह’ एवढंच वाचलं आणि रडत फोन केला. मी तिला पूर्ण ओळ वाचायला लावली. स्क्लेरोझिंग अडेनोसिस. ही साधी गाठ मायक्रोस्कोपखाली कधी कधी हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. स्तनातल्या नळ्यांना बाहेरून पेशींचा एक थर असतो, पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये तो नाहीसा होतो, आणि पी६३ त्याच थरातल्या केंद्रकांना तपकिरी करतं. पॉझिटिव्ह म्हणजे तो थर जागेवर आहे. हे मी तिला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं आणि सहा महिन्यांनी परत दाखवायला या म्हणाले.